भावाचं कॅलेंडर

तोर्लाइव्हच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असे, आणि ते त्याचं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाचं, यूस्टाइनचं होतं. त्यातले दोन आठवडे निळ्या पेन्सिलीने रंगवलेले, पुढचे तीन कोरे, मग पुन्हा दोन निळे. निळे म्हणजे यूस्टाइन दूर समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. कोरे म्हणजे घरी. तोर्लाइव्हची बायको मोलफ्रिद दर जानेवारीत पलीकडे जावेकडे जाऊन ते उतरवून आणायची आणि टेबलाशी बसून निगुतीने रंगवायची.

"दुसऱ्याच्या सुट्ट्या आपल्या भिंतीवर कशाला?" तोर्लाइव्हने एकदा विचारलं होतं.

"मग तुझ्या लावू?" मोलफ्रिद म्हणाली. "तुझ्यात रंगवायचं काय? सोमवार ते शुक्रवार वर्कशॉप, शनिवार-रविवार मेंढ्या. पेन्सिल संपेल माझी."

ती हसत म्हणाली, पण तोर्लाइव्हला ते असं झोंबलं की पुढे तीन दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलला. हे त्याचं नेहमीचं होतं. भावाचं नाव निघालं की त्याचं तोंड आंबट व्हायचं, आणि आपलं तोंड आंबट झालंय हे कुणाला कळत नाही असं फक्त त्यालाच वाटायचं.

तसं पाहिलं तर आमच्या बेटावर असं कॅलेंडर घरोघर होतं. ज्या घरातलं कुणी तेलावर नव्हतं त्या घरातही. बारसं असो, लग्न असो, थंडीच्या तोंडावर माळावरून मेंढ्या खाली आणायच्या असोत, पहिला प्रश्न एकच: "तो तेव्हा घरी आहे की बाहेर?" निम्मे पुरुष कायम बाहेर. ओद्नीने, म्हणजे यूस्टाइनच्या बायकोने, एका वर्षी नाताळ जानेवारीत केला होता. तोवर नाताळचं झाड पार झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि त्या काड्यांनाच तिने तारा लटकवल्या. सगळे जेवायला गेले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं तेलाने केलं. त्याआधी आमच्याकडे सार्डिन मासळीचा कारखाना होता, मासेमारीच्या बोटी होत्या आणि त्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं. समुद्रात विहिरी खोदायला सुरुवात झाली तशी माणसं तिकडे सरकली. कारखान्यात मासळी सळयांना ओवायला बाया मिळेनात, कारण त्या स्टावांगर शहरातल्या ऑफिसांत आणि प्लॅटफॉर्मच्या भटारखान्यात गेल्या. कारखान्याला टाळं लागलं. मग बोटींना खलाशी मिळेनात. बोटी कमी झाल्या तशी वर्कशॉपकडे इंजिनं येईनात, तेव्हा मालकाने डोकं चालवलं आणि प्लॅटफॉर्मसाठी लोखंडी शिड्या नि कठडे करायला घेतले. तोर्लाइव्ह त्याच वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. म्हणजे त्याच्या ताटातलं जेवणही आता तेलाचंच होतं. फरक इतकाच की शिडी तो जोडायचा आणि भाऊ ती चढायचा, आणि चढणाऱ्याला जोडणाऱ्याच्या दुपटीहून जास्त पगार होता.

तेलावरची पहिली नोकरभरती निघाली तेव्हा बाप हयात होता. "एकानं घर धरून राहायला हवं," बाप म्हणाला, आणि थोरला म्हणून घर, शेत आणि मेंढ्या तोर्लाइव्हच्या गळ्यात पडल्या. लोक त्याला वारसा म्हणत. धाकटा हात हलवत गेला, आणि वर्षभरात गाडी घेऊन आला.

पुढे नवीन तेलक्षेत्र सापडलं, आणखी विहिरी निघाल्या, पुन्हा माणसं हवी झाली, तेव्हा तोर्लाइव्हने एक गोष्ट केली होती जी त्याने कुणालाच सांगितली नाही. एके दिवशी तो गुपचूप फेरीबोटीने स्टावांगरला जाऊन अर्ज देऊन आला होता. कागदपत्रं ठीक होती, हात तरबेज होते. मग कान तपासले. वर्कशॉपच्या ठोकाठोकीने डावा कान कामातून गेलेला. डॉक्टर चांगला माणूस होता, दार उघडून स्वतः बाहेर सोडायला आला. परत येताना तोर्लाइव्हने मेंढ्यांची लोकर कापायची एक नवी कात्री घेतली आणि घरी सांगितलं की ह्याचसाठी गेलो होतो. घरात तसल्या दोन कात्र्या आधीच होत्या. मोलफ्रिदने ती त्यांच्याशेजारी टांगली.

त्याच वर्षी यूस्टाइनने बापाच्या जमिनीतल्या उंचवट्यावर घर बांधलं. आमच्याकडे घराची रस्त्याकडची बाजू पांढरी आणि मागची लाल, अशी जुनी रीत. आजोबा-पणजोबांच्या काळी पांढरा रंग महाग होता, म्हणून चारचौघांना दिसेल तेवढंच पांढरं करायचं आणि मागे स्वस्तातला लाल फासायचा. आता दोन्ही रंग एकाच भावाने मिळतात, तरी लोक मागची भिंत लालच ठेवतात. यूस्टाइनचं घर चारही बाजूंनी पांढरंशुभ्र. आणि त्याच्या स्वयंपाकघराची भली मोठी खिडकी नेमकी तोर्लाइव्हच्या घराच्या लाल पाठीवर उघडायची. गावाला तोर्लाइव्हचं घर पांढरं दिसे, भावाला मात्र रोज सकाळी कॉफी पिताना लाल.

"संध्याकाळी काय छान दिसते रे तुमची भिंत," ओद्नी अगदी मनापासून म्हणायची. तोर्लाइव्हच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण पैशाचं त्याने एक वेळ गिळलं असतं. घर, गाडी, रंगीत टीव्ही, काय वाटेल ते. त्याच्या काळजात सलत होता तो भावाचा वेळ. ते कोरे तीन आठवडे.

कारण तोर्लाइव्हला एक मुलगी होती, इंगुन, पंधराव्या वर्षात असलेली, आणि यूस्टाइन-ओद्नीला मूलबाळ नव्हतं. कोऱ्या आठवड्यांत यूस्टाइन भर दिवसा घरी असे. इंगुनला होडी वल्हवायला त्याने शिकवलं. तिच्या हँडबॉलच्या सामन्यांना फेरीबोटीने तो घेऊन जाई. शाळेचं नाटक मंगळवारी सकाळी अकराला असलं तरी पहिल्या रांगेत सगळ्या आयांच्या मधोमध हा दांडगा गडी गुडघे आखडून बसलेला, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा. तोर्लाइव्ह चार वाजता लोखंडाचा वास घेऊन घरी यायचा, आणि जेवताना ऐकायचा: "यूस्टाइन काका म्हणाला," "काकानं दाखवलं," "काकाला हसूच आवरेना."

एकदा धक्क्यावर होडी बांधताना तिने दोर असा काही फिरवला की तोर्लाइव्ह बघत राहिला. अगदी बापाची गाठ.

"कुणी शिकवली?"

"काकानं. आजोबांची आहे ना ती?"

ती गाठ त्या उन्हाळ्यात आपण तिला शिकवायची असं तोर्लाइव्हने मनात धरलं होतं. वेळ झाला की. पैशाने आणलेली वस्तू आवडली नाही तर परत करता येते. हे कुणाला परत करायचं आणि कसं, ते त्याला कळेना. घरी येईस्तोवर तो एक शब्द बोलला नाही, आणि इंगुनला वाटलं गाठ चुकली.

त्या हिवाळ्यात इंगुनच्या दृढीकरणाची गोष्ट निघाली. पोरं चौदा-पंधराची झाली की चर्चमध्ये पाद्र्यासमोर उभी राहतात आणि मोठी झाली म्हणून त्यांच्यासाठी घरी मेजवानी होते. आमच्याकडे लग्नाखालोखाल हाच दिवस. बाप टेबलाच्या टोकाला बसतो, बापच भाषण करतो, घरच्यांनी जुळवलेली गाणी सगळे मिळून म्हणतात. मोलफ्रिदने दोन हिवाळे बसून मुलीसाठी कशिद्याचा पारंपरिक पोशाख शिवला होता. त्यावरची चांदी, म्हणजे पिना नि बटणं, आपण देतो म्हणून यूस्टाइन पुढे आला, तेव्हा तोर्लाइव्ह तडकून म्हणाला, "आईची चांदी आहे. घरात पुष्कळ आहे." आईची चांदी थोडी काळी पडली होती. एका रविवारी तोर्लाइव्ह ती स्वतः घासत बसला.

तो दिवस त्याला हवा होता. निदान तो एक दिवस तरी, सबंध.

पाद्री वेस्टबो यांनी आईबापांना बोलावलं तेव्हा मोलफ्रिद तापाने पडली होती, म्हणून तोर्लाइव्ह एकटाच गेला. निघण्यापूर्वी कपात कॉफी ओतता ओतता त्याने कॅलेंडरचं मेचं पान उचलून पाहिलं. पहिला रविवार गडद निळा. शेवटचा कोरा. त्याने पान खाली सोडलं आणि कॉफी उभ्यानेच प्यायला.

"पहिला रविवार की शेवटचा?" पाद्र्यांनी विचारलं.

"पहिला."

"नक्की ना? बहुतेक लोक शेवटचा मागताहेत. हवा बरी असते तेव्हा."

"पहिलाच द्या."

घरी येऊन त्याने बूट काढता काढता सांगितलं, "पहिला रविवार मिळालाय. शेवटचा भरला म्हणे."

मोलफ्रिद अंगावर शाल घेऊन तशीच उठली आणि कॅलेंडरपाशी गेली. बोट फिरवत थांबली. "अरे देवा. यूस्टाइन बाहेर आहे की!"

"हो का?" तोर्लाइव्ह म्हणाला.

हे 'हो का' त्याला इतकं चांगलं साधलं की पुढे कित्येक दिवस वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला की आत तो स्वतःशी हसायचा.

इंगुन रडली नाही. एवढंच म्हणाली, "बदलून नाही मिळणार, पप्पा?"

"भरला म्हटलं ना."

यूस्टाइनने प्लॅटफॉर्मवर कुणाशी अदलाबदल करता येते का ते पाहिलं, पण नव्या विहिरीचं काम जोरात होतं, कुणालाच हलता येईना. तो तोर्लाइव्हकडे येऊन दारातच उभा राहिला, टोपी हातात. "हवामान आणि पाद्री, दोघांपुढे आपलं काय चालतंय," म्हणाला. "तू नीट कर सगळं."

"मी नीटच करतो," तोर्लाइव्ह म्हणाला.

आणि त्याने खरंच केलं. तो रविवार त्याच्या आयुष्यातला एक नंबरचा दिवस होता. बाहेर बोचरा वारा, पावसाचा शिडकावा, पण चर्चमध्ये इंगुन त्या पोशाखात उभी राहिली तेव्हा आईची चांदी अशी चमकली की मागच्या बाकावरच्या बाया वाकून बघायला लागल्या. घरी तीस माणसं. तोर्लाइव्ह टेबलाच्या टोकाला. त्याने भाषण केलं, आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस असं काही बोलला की लोकांनी हसून डोळे पुसले. इंगुन उठून आली आणि तिने त्याच्या गालाला गाल लावला. ओद्नीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तोर्लाइव्हने त्या खुर्चीकडे दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

पाहुणे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात आला. मायलेकी बदामाच्या केकची अर्धी चळत, एकावर एक रचलेली ती कडी, जपून उतरवून कागदात गुंडाळत होत्या.

"हे कुणाला?"

"गुरुवारला," इंगुन म्हणाली.

"कुठला गुरुवार?"

मोलफ्रिदने वर पाहिलं. "यूस्टाइन बुधवारी येतोय ना. गुरुवारी त्यांच्याकडे पुन्हा करायचंय सगळं. मी सांगितलं नाही तुला? राहिलं असेल. नेहमीचंच तर आहे."

"पुन्हा म्हणजे?"

"पुन्हा म्हणजे पुन्हा. पोशाख, जेवण, गाणी. चर्च सोडून सगळं. गुरुवार आहे तर ओद्नी कोमला करणार आहे." कोमला म्हणजे किसलेल्या बटाट्याचे उकडलेले गोळे आणि खारवलेलं मटण; आमच्याकडे गुरुवारी दुसरं काही शिजवलेलं कुणी ऐकलं नाही.

तोर्लाइव्ह सिंकला टेकून उभा राहिला. वर्षानुवर्षं तो भावाचे जानेवारीतले नाताळ जेवला होता, ऑगस्टमधला जूनचा वाढदिवस जेवला होता, आणि तारीख निवडताना हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. एवढा मोठा डाव टाकला, आणि बायकांनी तो केकसोबत कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"पाद्रीबुवापण येताहेत," इंगुन कागदाची घडी दाबत म्हणाली. "आज त्यांना बाकीच्यांच्या घरी जायचं होतं. आपल्याकडची कॉफी राहिली."

हे ऐकल्यावर तोर्लाइव्हचं सगळं दुखणंच बदललं. तोवर त्याला भावाचा राग येत होता. आता भीती वाटू लागली. पाद्री त्या टेबलाशी बसणार, रविवारचा विषय निघणार. पोरीला कळणार. तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी साडेतीनला सुटून थेट पाद्र्यांच्या घरी जायचं आणि त्यांना दारातच गाठायचं, काहीतरी सांगायचं, असं त्याने ठरवलं. पण नेमक्या त्या दिवशी प्लॅटफॉर्मला जाणाऱ्या बोटीसाठी शिड्यांची खेप होती. एका शिडीची पायरी वाकडी निघाली. फोरमन म्हणाला, "तोर्लाइव्ह, एवढं करून जा," आणि तोर्लाइव्ह एवढं करून गेला, जसा तो नेहमीच जायचा. पाच वाजून गेले होते. पाद्र्यांचं घर बंद होतं.

तो तसाच कामाच्या कपड्यांत उंचवट्यावर चढला. खिडकीतून सगळे दिसत होते. टेबलावर पांढरं कापड, इंगुन पोशाखात, तिच्या शेजारी यूस्टाइन नव्या शर्टात, वाऱ्याने रापलेलं तोंड हसणारं. झालं असेल जेवण, त्याने मनात म्हटलं. माझ्यावाचून कुणाचं अडतंय.

ओद्नीने दार उघडलं. "आलास एकदाचा! अरे, गोळे दोनदा पातेल्यात परत घातले मी. तुझी लेक कुणाला हात लावू देईना."

टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी ठेवली होती. यूस्टाइनच्या स्वतःच्या घरात, यूस्टाइनची खुर्ची.

"पप्पा, हात धू आणि बस," इंगुन म्हणाली.

तो बसला. क्षणभर त्याला वाटलं, बस, आता हे सोडून द्यावं. मग यूस्टाइन भाषणाला उभा राहिला, आणि ते वाटणं जिथल्या तिथे विरून गेलं.

यूस्टाइनला बोलता येत नसे. तो खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "मी काही चर्चमध्ये नव्हतो. पण रविवारी अकरा वाजता मी आमच्या साहेबाकडून पाच मिनिटं मागून घेतली. डेकवर गेलो, हेल्मेट काढलं आणि किनाऱ्याकडं तोंड करून उभा राहिलो. लोक यायला लागले विचारायला, कोण गेलं म्हणून."

सगळे खदखदून हसले. इंगुन हसता हसता थांबली, तिचे डोळे भरले, आणि तिने काकाच्या बाहीला हात लावला. तोर्लाइव्हने ते पाहिलं. रविवारी तो पंधरा मिनिटं बोलला होता. ह्याने पाच मिनिटं गप्प उभं राहून ते सगळं पुसून टाकलं. त्याने काटा खाली ठेवला.

"काय योग असतात पाहा," पाद्री वेस्टबो बटाट्याच्या गोळ्यावर बेकनची वितळलेली चरबी ओतत खुशीत म्हणाले. "शेवटचा रविवार असता तर यूस्टाइन, तू पहिल्या बाकावर असतास! पण तोर्लाइव्हला पहिलाच हवा होता. मी तर दोनदा विचारलं."

चमचे थांबले.

"पण शेवटचा भरला होता ना?" मोलफ्रिद म्हणाली.

"शेवटचा? छे! अजूनही दोघं-तिघं सहज मावतील." एवढं बोलून झाल्यावर पाद्र्यांना टेबलाभोवतीचे चेहरे दिसले, आणि त्यांनी चरबीचं भांडं फार सावकाश खाली ठेवलं.

इंगुन बापाकडे बघत होती.

"मीच सांगितलं होतं त्याला," यूस्टाइन म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"चर्चमध्ये मला कसंतरी होतं. गर्दी, टाय, आणि ते सगळं. मी म्हटलं, दादा, मी बाहेर असेन तो रविवार घे, आणि घरी बोलू नकोस." आम्ही थोरल्या भावाला एरवी नावानेच हाक मारतो, यूस्टाइनने त्याला लहानपणानंतर पहिल्यांदाच असं म्हटलं. तो खोटं बोलण्यात कधीच हुशार नव्हता. त्याची मान लालेलाल झाली होती आणि तो ताटातल्या मटणाकडे बघत होता.

"खरंच?" इंगुन म्हणाली.

"खरंच."

तिने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला. काढून आपल्या मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताखाली. तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

तोर्लाइव्हला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग आनंद झाला. हो, आनंदच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो जळत होता ते त्याच्या समोर, पांढऱ्या कापडावर, फुकट येऊन पडलं होतं. पोर काकापासून दूर झाली होती. त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या बेटावर कुणी नव्हता.

मग त्याने भावाकडे पाहिलं. ह्या माणसाकडे घर होतं, गाडी होती, कोरे आठवडे होते, आणि त्या सगळ्यात त्याला खरं हवंसं असं एकच होतं, ती पोर. ते त्याने चांदी देऊ करावी तसं उचलून देऊन टाकलं होतं. आता रोज ह्याच्या खिडकीसमोरून जायचं, आणि आपल्याला मिळालेलं तेही ह्यानेच दिलंय हे लक्षात ठेवून जायचं. औदार्यही ह्याचंच! तोर्लाइव्हचा असा जळफळाट झाला की आधीचे सगळे मत्सर त्यापुढे लुटुपुटीचे वाटावेत. हे त्याला सहन होईना.

"खोटं बोलतोय तो," तोर्लाइव्ह म्हणाला.

"राहू दे ना," यूस्टाइन हळूच म्हणाला.

"तू गप्प बस! सगळं तूच देणार का रे मला?" तोर्लाइव्हचा आवाज वर्कशॉपमध्ये असल्यासारखा चढला. "मी केलं ते. कॅलेंडर बघून केलं. पान उचलून निळा रविवार शोधला आणि पाद्र्याला तोच मागितला. निदान एवढं तरी माझं राहू दे."

ओद्नी पातेल्यापाशी पळी हातात धरून उभी होती.

"पण का?" मोलफ्रिदने विचारलं.

आता काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. "कारण तो दिवसा घरी असतो," तोर्लाइव्ह म्हणाला. "नाटकाला असतो. सामन्यांना असतो. माझ्या बापाची गाठ माझ्या पोरीला तो शिकवतो. तेलवाल्यांनी त्याला दिवस दिलेत. मला कुठून मिळायचे?"

हे त्याने बायकोला सांगितलं, पण उत्तर इंगुनने दिलं. ती उठली होती. ओद्नीच्या हातातली पळी घेऊन ती वाढायला लागली, आधी पाद्र्यांना, मग काकूला, आईला, काकाला. काकाच्या ताटात तिने एक गोळा जास्त घातला. मग ती टेबलाच्या टोकाशी आली.

"काकानं साहेबाकडं पाच मिनिटं मागितली, पप्पा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "समुद्राच्या मध्यात. विहीर चालू असताना. तुझं वर्कशॉप तर शाळेच्या खालीच आहे. तू कधी मागितलीस?"

फोरमन कधी नाही म्हणाला होता का, ते तोर्लाइव्ह आठवू लागला. नाटकाचा मंगळवार आठवला, त्याच्या आधीच्या वर्षीचं नाटक आठवलं, हँडबॉलचा अंतिम सामना आठवला. फोरमन काही वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"जेव," इंगुन म्हणाली, आणि त्याच्या ताटात दोन गोळे वाढून आपल्या जागेवर जाऊन बसली. ते एव्हाना गार झाले होते. त्याने ते खाल्ले.